होला छावणी प्रकरण

केन्या या तत्कालीन ब्रिटिश वसाहतीत, टाना नदीच्या खोऱ्यातील होला येथील स्थानबद्धांच्या छावणीत ३ मार्च १९५९ रोजी पहारेकऱ्यांनी केलेल्या मारहाणीत अकरा स्थानबद्ध मृत्युमुखी पडले. मृतांची संख्या पाहता, केन्यातील आणीबाणीच्या काळात याहून मोठे संहार घडले होते. होलाचे महत्त्व निराळे आहे. या मृत्यूंना शासनाने प्रथम दिलेले कारण खोटे ठरले, ज्या धोरणामुळे ते घडले त्याविषयीची कागदपत्रे पुढे पद्धतशीरपणे लपविण्यात आली आणि सुमारे अर्धशतकानंतर तीच कागदपत्रे न्यायालयात शासनाविरुद्धचा पुरावा म्हणून उभी राहिली. युद्धप्रसंगी बंदिवानांचा छळ झाल्यास शासनाकडे जाब कसा व कितपत मागता येतो, याचे हे एक बोलके उदाहरण होय.

केन्यातील उंच व सुपीक प्रदेशाचा मोठा भाग गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी राखून ठेवण्यात आल्यामुळे किकूयू जमातीत भूमिहीनता व असंतोष वाढला होता. त्यातून ‘माऊ माऊ’ या नावाने ओळखली जाणारी शपथबद्ध, गुप्त चळवळ उभी राहिली. गव्हर्नर सर एव्हलिन बेअरिंग यांनी २० ऑक्टोबर १९५२ रोजी आणीबाणी पुकारली. ती जानेवारी १९६० पर्यंत टिकली. माऊ माऊंनी केलेली कृत्येही क्रूर होती. मार्च १९५३ मध्ये लारी येथे त्यांनी शासननिष्ठ किकूयूंच्या कुटुंबांना जाळून व कापून मारले, आणि त्यानंतर शासनपक्षीयांनी घेतलेला सूडही तितकाच भयंकर होता. आणीबाणीच्या काळात ३२ गोरे नागरिक मारले गेले, तर माऊ माऊंच्या हातून मेलेल्या आफ्रिकी नागरिकांची संख्या १,८०० च्या आसपास होती. उलट, शासकीय आकड्यांनुसारच ११,००० हून अधिक बंडखोर ठार झाले आणि सुमारे १,०९० जणांना फाशी देण्यात आले.

या संघर्षात ब्रिटिश लष्कराच्या पलटणी उतरल्या, जंगलांवर विमानांतून बाँब टाकण्यात आले. तरीही शासनाने त्यास युद्ध म्हटले नाही. हा केवळ शब्दाचा प्रश्न नव्हता. युद्ध नाही, म्हणून युद्धकैदीही नाहीत. आणि युद्धकैदी नाहीत, म्हणून १९४९ च्या जिनीव्हा करारांतील संरक्षण त्यांना लागू नाही, अशी ही मांडणी होती. पकडलेल्या व्यक्तीस आणीबाणीच्या नियमांखाली, खटल्यावाचून स्थानबद्ध करता येत असे. एप्रिल १९५४ मध्ये नैरोबी शहराला वेढा घालून हजारो किकूयूंना एकाच मोहिमेत पकडण्यात आले. त्या वर्षाच्या अखेरीस स्थानबद्धांची संख्या ७०,००० च्या वर गेली. संपूर्ण काळातील एकूण संख्या शासनाने सुमारे ८०,००० सांगितली. अनेक इतिहासकार ती याच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक मानतात. याखेरीज दहा लाखांहून अधिक लोकांना काटेरी कुंपण व खंदक यांनी वेढलेल्या नव्या खेड्यांत सक्तीने वसविण्यात आले. स्थानबद्धांत हिंदी वंशाचेही काही जण होते. मूळच्या गोव्याच्या कुटुंबात जन्मलेले, मुंबईत काही काळ नोकरी केलेले पत्रकार पिओ गामा पिंटो यांना १९५४ साली पकडून मांडा बेटावरील छावणीत ठेवण्यात आले होते.

छावण्यांची रचना एखाद्या नळासारखी कल्पिलेली होती आणि प्रशासनात तिला तेच नाव होते. चौकशीनंतर स्थानबद्धाला ‘पांढरा’, ‘करडा’ किंवा ‘काळा’ ठरवीत. त्याने शपथ घेतल्याची कबुली दिली व कामास तो तयार झाला, की त्याला एका छावणीतून पुढच्या, अधिक सौम्य छावणीत धाडीत आणि अखेरीस गावी सोडीत. कबुली न देणारा तेथेच अडून राही. अशा रचनेत कबुली मिळविण्यासाठी बळाचा वापर होणे जवळजवळ अटळ होते. त्याविषयीच्या सूचना लंडनपर्यंत लवकरच पोहोचल्या. पोलिस दलाच्या सुधारणेसाठी मुद्दाम पाठविलेले आयुक्त आर्थर यंग यांनी वर्षभरातच, डिसेंबर १९५४ मध्ये राजीनामा दिला. त्याची कारणे सांगणारे त्यांचे पत्र शासनाने प्रसिद्ध होऊ दिले नाही. जानेवारी १९५५ मध्ये बंडखोरांना शरणागतीसाठी क्षमा देऊ करताना त्याच घोषणेने शासकीय दलांतील व्यक्तींनाही त्यापूर्वीच्या कृत्यांबद्दल खटल्यांपासून मुक्त केले. छावण्यांत काम केलेल्या आयलीन फ्लेचर या क्वेकरपंथीय महिलेने १९५६ साली आपले अनुभव इंग्लंडमध्ये छापले, मजूर पक्षाच्या बार्बरा कॅसल यांनी पार्लमेंटमध्ये वारंवार प्रश्न विचारले. परंतु प्रत्येक वेळी शासनाने हे अपवादात्मक व वैयक्तिक गैरवर्तन आहे, असेच उत्तर दिले.

ते वैयक्तिक नव्हते, हे १९५७ मधील पत्रव्यवहारावरून दिसून येते. त्या वर्षी म्वेआ येथील छावण्यांत एक नवी पद्धत अवलंबिण्यात आली. हट्टी स्थानबद्धांची लहान तुकडी आधीच नमलेल्या कैद्यांच्या छावणीत आणावयाची आणि तिने आज्ञा मोडताच तत्काळ बळ वापरावयाचे, असे तिचे स्वरूप होते. वसाहतीचे ॲटर्नी जनरल एरिक ग्रिफिथ-जोन्स यांनी याविषयी गव्हर्नरांसाठी टिपण तयार केले. मारणाऱ्याने शांत व निर्विकार राहावे, यकृत, प्लीहा, मूत्रपिंडे यांवर आघात करू नयेत, अशा तपशीलवार सूचना त्यात होत्या. ‘भाग पाडण्यासाठी’ वापरलेले बळ वैध आणि ‘शिक्षा म्हणून’ वापरलेले बळ अवैध, असा भेद करून नियम बदलण्यात आले. याच ग्रिफिथ-जोन्स यांनी पूर्वी केन्यातील स्थानबद्धांची स्थिती नाझी जर्मनी वा साम्यवादी रशियाची आठवण करून देणारी आहे, असे लिहिले होते. आता त्यांनी गव्हर्नरांना कळविले, की पाप करावयाचेच असेल, तर ते गाजावाजा न करता केले पाहिजे. बेअरिंग यांनी ही पद्धत वसाहतमंत्री ॲलन लेनक्स-बॉइड यांना कळविली व तिला लंडनची संमती मिळाली. कायद्याचे सर्वोच्च सल्लागारच कायद्याची भाषा मारहाणीच्या मापात बसवून देतात, ही गोष्ट या प्रकरणात सर्वांत विचार करावयास लावणारी आहे.

होला येथील घटना या धोरणाचेच फळ होती. म्वेआच्या पद्धतीलाही न नमलेले स्थानबद्ध तेथे उरले होते. ते स्वतःला गुन्हेगार मानीत नसत आणि म्हणून सक्तीचे काम नाकारीत. त्यांना लहान गटांनी कामाच्या जागी नेऊन, नकार दिल्यास बळाने कुदळ-फावडे हाती धरावयास लावावे, अशी योजना तुरुंग खात्यातील वरिष्ठ अधिकारी जॉन कोवन यांनी आखली व वरिष्ठांनी ती मान्य केली. ३ मार्च रोजी छावणीप्रमुखाने ऐंशीहून अधिक स्थानबद्धांना एकदमच पाटबंधाऱ्याच्या कामावर नेले. तेथे त्यांना सोट्यांनी झोडपण्यात आले. अकरा जण मेले. इतर बहुतेक जखमी झाले. दुसऱ्या दिवशीच्या शासकीय पत्रकात मात्र, गाडीतून आणलेले पाणी प्यायल्यानंतर हे मृत्यू झाले, असे म्हटले होते. पुढे दंडाधिकारी गौडी यांच्यासमोर मृत्यूच्या कारणांची चौकशी झाली. शवचिकित्सेवरून हे मृत्यू अनेक आघातांमुळे झाल्याचे त्यांनी नमूद केले. पण कोणता प्राणघातक आघात कोणाचा, हे निश्चित सांगता येत नाही, असेही म्हटले. याच मुद्द्यावर कोणावरही फौजदारी खटला भरण्यात आला नाही. छावणीप्रमुखाला सेवानिवृत्त करण्यात आले. त्याची उपदानाची रक्कम शाबूत राहिली.

हाऊस ऑफ कॉमन्समध्ये १६ जून व पुन्हा २७ जुलै १९५९ रोजी यावर वादविवाद झाला. दुसऱ्या वेळी तो मध्यरात्रीनंतरही चालला. त्यात सर्वांत प्रभावी भाषण विरोधी बाकांवरून न होता सत्तारूढ हुजूर पक्षाच्या ईनक पॉवेल यांनी केले. आफ्रिकेत आफ्रिकी मापदंड, आशियात आशियाई मापदंड आणि मायदेशी ब्रिटिश मापदंड, असे वर्तन आपणास करता येणार नाही, आणि जबाबदारी खालच्या अधिकाऱ्यांवर ढकलता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. लेनक्स-बॉइड यांनी राजीनामा देऊ केला होता, पण निवडणूक जवळ असल्याने तो स्वीकारला गेला नाही. ऑक्टोबरच्या निवडणुकीनंतर वसाहतमंत्रिपदी इएन मॅक्लाउड आले, होलाचा उल्लेख टाळण्यासाठी त्या गावाचे नावही काही काळ बदलण्यात आले आणि केन्याच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटींना वेग आला.

गुप्त दप्तर : सत्तांतराच्या तयारीत दप्तराचा प्रश्न उपस्थित झाला. मॅक्लाउड यांनी मे १९६१ मध्ये वसाहतींना कळविले, की ब्रिटिश शासनास, तसेच पोलिस, लष्कर, शासकीय सेवक व खबरे यांना अडचणीत आणतील असे कागद नव्या शासनाच्या हाती जाऊ देऊ नयेत. त्यानुसार केन्यात दप्तराचे दोन भाग करण्यात आले. एक, उत्तराधिकारी शासनाला द्यावयाचा ‘वारसा’ भाग. दुसरा ‘वॉच’ भाग. दुसऱ्या भागातील कागदांवर ‘डब्ल्यू’ अक्षराचा शिक्का मारीत आणि ते केवळ युरोपीय वंशाच्या ब्रिटिश प्रजाजन अधिकाऱ्यानेच हाताळावेत, असा दंडक होता. केन्याच्या कचेऱ्यांतील कारकुनी कामाचा मोठा भार गोमंतकीय व इतर हिंदी लोकांवर होता. वर्षानुवर्षे याच फाइली सांभाळणारे हे कर्मचारी या नियमाने एका रात्रीत अपात्र ठरले. ‘वॉच’ मालिका अस्तित्वात आहे हेही कळू नये, तिच्यातील कागद काढल्याने पोकळी दिसत असेल तर बनावट फाइल तेथे ठेवावी, अशा सूचना होत्या. नष्ट करावयाचे कागद जाळून त्यांची राखही चुरडावी. जाळणे शक्य नसल्यास ते वजन बांधलेल्या पेट्यांतून किनाऱ्यापासून दूर, प्रवाह नसलेल्या खोल समुद्रात बुडवावेत, असेही सांगण्यात आले होते.

जे जाळले नाही ते १२ डिसेंबर १९६३ च्या स्वातंत्र्यदिनापूर्वी विमानाने लंडनला गेले. त्यात सुमारे १,५०० फाइली होत्या. केन्याच्या शासनाने १९६७ साली व पुढेही त्या परत मागितल्या, पण ब्रिटनने नकार दिला. हे कागद धड वसाहतीचे नाहीत आणि धड ब्रिटिश सार्वजनिक अभिलेखही नाहीत, अशा संदिग्ध अवस्थेत ते ठेवल्यामुळे ठरावीक वर्षांनंतर कागद खुले करण्याचा अभिलेखविषयक कायदा त्यांना लागूच पडला नाही. बकिंगहॅमशर परगण्यातील हॅन्स्लोप पार्क या परराष्ट्र खात्याच्या सुरक्षित आवारात ते पडून राहिले.

न्यायालयीन दावे : माऊ माऊ संघटनेवरील बंदी स्वतंत्र केन्यातही २००३ पर्यंत कायम होती, त्यामुळे माजी स्थानबद्धांना उघडपणे संघटित होणे कठीण होते. २००५ साली डेव्हिड अँडरसन व कॅरोलाइन एल्किन्स या इतिहासकारांचे स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाले. जून २००९ मध्ये पाच वृद्ध केनियनांनी लंडनच्या उच्च न्यायालयात ब्रिटिश परराष्ट्र खात्यावर दावा दाखल केला. त्यांच्यात खच्चीकरण झालेले पुरुष, लैंगिक अत्याचार सोसलेली स्त्री आणि होला येथील मारहाणीत मेला असे समजून टाकून दिलेला एक जण होता. संबंधित सर्व कागद राष्ट्रीय अभिलेखागारात जमा झाले आहेत, अशी शासनाची भूमिका होती. परंतु १९६३ मध्ये पेट्या लंडनला आल्याच्या नोंदी अँडरसन यांना मिळाल्या होत्या. त्यांनी तसे साक्षीपत्र दिल्यावर जानेवारी २०११ मध्ये हे दप्तर सापडल्याचे खात्याने मान्य केले. केन्याच्या फाइलींबरोबर एकूण ३७ माजी वसाहतींच्या सुमारे ८,८०० फाइली तेथे होत्या. माजी राजनैतिक अधिकारी अँथनी केरी यांनी केलेल्या अंतर्गत चौकशीत खात्यातील काही जणांना या फाइली ठाऊक होत्या, असे आढळून आले.

वसाहतीची कायदेशीर जबाबदारी स्वातंत्र्याबरोबर केन्याच्या शासनाकडे गेली, हा ब्रिटिश शासनाचा पहिला बचाव न्यायमूर्ती मॅकोम यांनी जुलै २०११ मध्ये दावा फेटाळण्यास पुरेसा मानला नाही. दुसरा बचाव मुदतीच्या कायद्याचा होता. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी त्यांनी तोही अमान्य केला. कागदोपत्री पुरावा इतका विपुल आहे, की साक्षीदार हयात नसले तरी न्याय्य सुनावणी होऊ शकते, असे त्यांचे मत पडले. तोपर्यंत मूळ पाचांपैकी दोन वादी मरण पावले होते. ६ जून २०१३ रोजी परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी वसाहत प्रशासनाच्या हातून केनियनांचा छळ झाल्याचे पार्लमेंटमध्ये मान्य करून खेद व्यक्त केला आणि ५,२२८ व्यक्तींसाठी, दाव्याच्या खर्चासह, १९९ लाख पौंडांची तडजोड जाहीर केली. कायदेशीर उत्तरदायित्व मात्र नाकारण्यात आले. नैरोबीत उहुरू पार्क येथे सप्टेंबर २०१५ मध्ये स्मारक उभे राहिले. हॅन्स्लोप पार्कमधील वसाहतींचे दप्तर २०१२–१३ मध्ये टप्प्याटप्प्याने क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात खुले झाले. तेथे अन्य विषयांच्या आणखी लाखो फाइली असल्याचेही त्या सुमारास उघड झाले.

तडजोडीबाहेर राहिलेल्या ४०,००० हून अधिक केनियनांनी वेगळा दावा केला. दोनशेहून अधिक दिवस सुनावणी चालल्यावर तो २०१८ मध्ये फेटाळण्यात आला. साक्षीदार मरण पावले आहेत, कागद हरवले आहेत आणि अर्धशतकाहून अधिक विलंबानंतर शासनाला स्वतःचा बचाव नीट करता येणार नाही, अशी कारणे न्यायमूर्ती स्ट्यूअर्ट यांनी दिली.