एकच आकडा, दोन डोस

बोरिवलीतलं एक घर डोळ्यांसमोर आणू. आई ७२ वर्षांची, वजन ५० किलो. मुलगा ३५ वर्षांचा, ७० किलो. आईची नागीण कधीच सुकली, पण बरगडीवरची आग जात नाही. पदर घासला तरी चटका बसतो. मुलाला आकडी येते. दोघांच्या रिपोर्टात क्रिएटिनिन १.२ आणि दोघांच्या चिठ्ठीवर गॅबापेन्टिन. अमेरिकेत या औषधाला १९९३मध्ये आकडीसाठी आणि २००२मध्ये नागिणीनंतरच्या वेदनेसाठी मान्यता मिळाली.

औषध एक, पण डोस एक नाही. गॅबापेन्टिन यकृतात मोडत नाही. जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणून आधी मूत्रपिंडाचा वेग मोजायचा. कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६चं सूत्र साधं आहे: १४०मधून वय वजा करा, वजनाने गुणा, मग क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा, स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ने गुणा. मुलाचं उत्तर येतं मिनिटाला ८५ मिलिलीटर, आईचं जेमतेम ३३. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. आईच्या अंगात स्नायूच कमी, म्हणून थकलेल्या मूत्रपिंडातही आकडा बरा दिसतो. मुलाला दिवसाला ९०० ते ३६०० मिलिग्रॅम तीन वेळांत विभागून चालतं. आईला ४०० ते १४००, दोन वेळांत.

मग दुखणं थांबेना म्हणून गोळ्या दुप्पट कराव्यात? इथे आतडं आडवं येतं. सकाळी घाटकोपरला लोकल कितीही भरून येवोत, मेट्रोची फाटकं तेवढीच. आतड्यातून हे औषध रक्तात नेणारी वाहक प्रथिनंही मोजकीच असतात. दिवसाला ९०० मिलिग्रॅम घेतलं तर सुमारे ६० टक्के रक्तात पोचतं. ३६०० घेतलं तर ३३ टक्केच. डोस चौपट, पदरात पडतं दुपटीहून थोडंसं जास्त. आकडीवरच्याच फेनिटॉइनचं नेमकं उलट: तिथे यकृतातली बाहेरची वाट तुंबते आणि डोस किंचित वाढला तरी रक्तातली पातळी उसळते. म्हणून फेनिटॉइनची पातळी रक्तात मोजतात. गॅबापेन्टिनची सहसा मोजावी लागत नाही.

मग ४०० ते १४००च्या पट्ट्यात आईचा नेमका डोस कुठला? डॉक्टर बऱ्याचदा रात्रीच्या १०० मिलिग्रॅमने सुरुवात करतात आणि हळूहळू चढतात. उतरतानाही तसंच, गोळी एकदम बंद केली तर आकडी उसळू शकते. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेलं पित्ताचं औषध घेतलं, तर दोन तासांनी ही गोळी.

सूत्र पट्टा देतं, आकडा देत नाही. तो सापडतो दर भेटीतल्या दोन प्रश्नांतून: “आजी, पदर अजून बोचतो का?” आणि “रात्री उठताना तोल जातो का?” शेजारणीला लागू पडलेल्या गोळीने यांतला एकही प्रश्न विचारलेला नसतो.