पेशी येते कोठून?

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या एखाद्या शाळकरी नातवंडाला ‘पेशी म्हणजे काय’ असे विचारून पाहा. त्याच्या पुस्तकात ‘कोशिका’ आहे. ‘पेशी’ म्हटले की त्याला मांसपेशी आठवेल, नाहीतर कोर्टातली तारीख. बडोद्याचे मूल ‘कोष’ म्हणेल, बेळगावच्या कानडी पुस्तकात ‘जीवकोश’ सापडेल आणि हैदराबादेत तेलुगू ‘कणम्’. चूक कोणाचीच नाही. सुश्रुतसंहितेतही पेशी म्हणजे मांसाची पेशीच, आणि तेथे त्यांची संख्या ५०० सांगितली आहे. मराठीने तो जुना शब्द जीवशास्त्राला दिला आणि मांसाच्या पेशींना ‘स्नायू’ म्हटले, एवढेच.

ज्या ‘सेल’ या शब्दासाठी आपण ही सगळी नावे शोधली, तो मूळ शब्दच फसवा आहे. १६६५ साली लंडनच्या रॉबर्ट हूकने ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ काढला. बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर त्याला मधाच्या पोळ्यासारखी घरे दिसली, आणि त्याने त्यांना ‘सेल’, म्हणजे खोली, म्हटले. गडी हिशेबी होता. एक इंच लांबीत हजाराहून जास्त घरे मावतात, म्हणजे एका घन इंचात सुमारे १२६ कोटी, असा आकडाही त्याने मांडला. पण बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. हूकने पाहिल्या त्या रिकाम्या भिंती. राहणारा केव्हाच निघून गेला होता. पुढे हॉलंडच्या लेवेनहुकने पाण्याच्या थेंबात हालणारे जीव पाहिले, तरी त्या जिवांचा आणि बुचातल्या खोल्यांचा काही संबंध असेल हे दीडशे वर्षे कोणाच्या नीटसे ध्यानात आले नाही.

१८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊनने ऑर्किडच्या पेशींत एक गोल ठिपका दाखवला आणि त्याला केंद्रक हे नाव दिले. येथून गोष्ट वेग घेते. बर्लिनमध्ये श्लायडेन हा वकिली सोडून वनस्पतिशास्त्रात आलेला गृहस्थ एकदा जेवताना थिओडोर श्वानला वनस्पतीतल्या केंद्रकाविषयी सांगत होता. श्वानला आठवले, की असेच काहीतरी आपण बेडकाच्या पिल्लाच्या पृष्ठरज्जूत पाहिले आहे. जेवण आटोपून दोघे श्वानच्या प्रयोगशाळेत गेले. श्लायडेनचा निबंध १८३८ चा, श्वानचे पुस्तक १८३९ चे. वड असो की बेडूक, सगळे पेशींचेच बनलेले आहेत, हा सिद्धांत असा मांडला गेला, आणि शाळेत आपण ही दोन नावे पाठ केली.

आता शाळेने सहसा न सांगितलेला भाग. पेशी येते कोठून, या प्रश्नाचे दोघांचेही उत्तर साफ चुकले होते. पाकात दोरा सोडला की त्याभोवती खडीसाखर धरते, तशी एका द्रवात आधी केंद्रके आणि मग पेशी धरतात, असे श्वानचे मत. श्लायडेनचेही याच वळणाचे. हे किरकोळ चुकणे नव्हे. पेशी द्रवातून आपोआप घडत असेल, तर निर्जीवातून जीव रोजच जन्मतो असे होते. आणि शरीरातली गाठ हीसुद्धा कुठूनतरी झिरपलेल्या द्रवातून उगवते, असे डॉक्टरांनी मानायचे.

ही खडीसाखर विरघळवली रॉबर्ट रेमाकने. पोझनचा हा ज्यू डॉक्टर बर्लिनमध्ये काम करी. धर्मांतर केले असते तर विद्यापीठाची दारे उघडली असती. ते त्याने केले नाही. १८४७ मध्ये राजाकडे दाद मागून त्याला शिकवण्याची परवानगी मिळाली, पण पगाराविना. पोट भरायचे ते रुग्ण तपासून. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या रक्तपेशी एकीच्या दोन होताना त्याने १८४१ मध्येच पाहिल्या होत्या. मग बेडकाची अंडी वर्षानुवर्षे तपासली, आणि १८५२ मध्ये स्पष्ट लिहिले, की प्राण्यांच्या पेशी विभाजनानेच वाढतात, द्रवातून उगवत नाहीत. रोगट गाठींनाही हाच नियम लागू असावा, असेही त्याने सुचवले.

तीन वर्षांनी रुडॉल्फ फिर्कोने ‘प्रत्येक पेशी पेशीतूनच’ हे लॅटिन सूत्र जगापुढे ठेवले. ते शब्दही नवे नव्हते. फ्रान्सचा रास्पाई ते आधी वापरून गेला होता. फिर्कोच्या त्या लेखात रेमाकचे नाव नाही. फिर्को काही सामान्य माणूस नव्हता. रोग म्हणजे शरीराच्या पेशींतला बिघाड, हे त्याने १८५८ च्या व्याख्यानांत इतक्या ताकदीने मांडले, की आज गाठीचा तुकडा तपासायला पाठवला जातो तो त्याच विचाराच्या आधाराने. एवढ्या मोठ्या माणसाने एक नाव लिहायला हवे होते, असे मला वाटते.

विभाजनात केंद्रकाच्या आतले धागे कसे वाटले जातात, हे वॉल्थर फ्लेमिंगने १८८२ मध्ये रंगवून दाखवले. मग पहिली पेशी कोठून आली, हे विचाराल तर ते कोडे अजून सुटलेले नाही; रेमाकचा नियम आजच्या पेशींपुरता पक्का आहे. फिर्को १८५६ मध्ये बर्लिनला प्राध्यापक झाला. रेमाकला १८५९ मध्ये दुय्यम दर्जाचे प्राध्यापकपद मिळाले, आणि सहा वर्षांनी, पन्नाशीत, तो वारला.