कोरड्या तोंडाला जवस की आवळा?

खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या नवी मुंबईतल्या केंद्रात, तोंडाच्या वा घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या अनेकांना पुढे पोळीच्या घासागणिक पाणी लागतं. लाळग्रंथी किरणांच्या वाटेत येतात. निरोगी माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लीटर लाळ सुटते, ती आटते. कानाखालच्या ग्रंथीवर सरासरी २६ ग्रेहून कमी मात्रा पडली तर ती पुष्कळदा सावरते. आयएमआरटी या रेडिएशनच्या तंत्रात आखणी तशीच करतात.

झाडपाला निवडण्याआधी एकच पाहायचं. काही चघळल्यावर थोडी तरी ओल येते का?

येत असेल तर ग्रंथीत जीव आहे, तिला डिवचता येतं. आवळ्याच्या आंबटपणाची खबर मेंदूला जाते, तिथून ग्रंथीला हुकूम सुटतो. अक्कलकाऱ्याने जिभेला झिणझिण्या येऊन लाळ सुटते. तोंडात फोड असतील तर मात्र तो नकोच. आवळासुपारी दिवसभर गालात धरणंही मला पटत नाही. आम्ल धुवायला लाळ पुरेशी नसते आणि रेडिएशननंतर दात तसेही झपाट्याने किडतात. ज्येष्ठमध गोड आणि सोयीचं, पण रोज चघळलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. बीपीवाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

ओल येतच नसेल तर हुकूम ऐकणार कोण? मग ओलावा बाहेरून द्यायचा, आणि इथे माझं मत जवसाला. चमचाभर जवस कपभर पाण्यात मंद आचेवर दहाएक मिनिटं उकळा. गरम असतानाच गाळा. निवल्यावर तो बुळबुळीत काढा गाळणीतून उतरत नाही. घोटभर तोंडात घोळवून थुंका. त्यातल्या शर्करांच्या लांब साखळ्या पाणी धरून ठेवतात. लाळेतलं म्युसिनही हेच करतं. उरलेला काढा फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी टाकून द्या.

लाळ सुटावी म्हणून डॉक्टर देतात ती पिलोकार्पिनची गोळीही मुळात झाडपाल्याचीच. ब्राझीलच्या जॅबोरंडीच्या पानांतून हे द्रव्य १८७५ मध्ये वेगळं काढलं गेलं. दमा किंवा काचबिंदू असेल तर ते आधी सांगायला हवं.

सुपारीतलं अरेकोलिनही ग्रंथींना पिलोकार्पिनसारखंच डिवचतं, म्हणून विडा खाल्ला की तोंड भरून येतं. कोरड पडली की सुपारीचा मोह होतो तो त्यामुळेच. पण तंबाखू नसलेली नुसती सुपारीदेखील कॅन्सरकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या आपल्या ग्रंथात नोंदवलं आहे.