जुन्या खेळासाठी नकाशे रचावेत का?

सोलापूर-तुळजापूर मार्गावरील तामलवाडीसारख्या गावातील विद्यार्थ्याने 'काउंटर-स्ट्राइक'सारख्या जुन्या ऑनलाइन खेळासाठी स्तररचना, म्हणजे खेळाडू जेथे वावरतात त्या भिंती, वाटा आणि आडोसे यांच्या नकाशाची आखणी, शिकावी का, हे केवळ खेळाच्या वयावरून ठरवणे चुकीचे आहे. 1999 मध्ये 'हाफ-लाइफ' या दुसऱ्या खेळाचे 'मॉड', म्हणजे हौशींनी केलेले रूपांतर, म्हणून अवतरलेल्या या खेळाचा 'डस्ट 2' हा 2001 चा नकाशा डेव्ह जॉन्स्टन या हौशी रचनाकाराने घडवला आणि तो दोन दशकांनंतरही खेळला जातो. मूळ आवृत्तीत उभा खेळाडू 72 एकक उंच आणि 32 एकक रुंद असतो, 18 एककांची पायरी तो उडी न मारता चढतो; बाहेरच्या भिंतींच्या सांध्यात बारीकशी फट राहिली तरी 'गळती' होऊन कोठून काय दिसते याचा हिशेब संगणकाला करता येत नाही आणि रचनाकाराला ती फट शोधत बसावे लागते. मापे आणि सांधे चोख ठेवण्याची ही शिस्त हीच या कामाची खरी कमाई. शिवाय जुना खेळ साध्या संगणकावरही चालतो. मात्र ओस पडत चाललेल्या सर्व्हरवर उत्पन्नाची आशा धरू नये; आधी एक लहान नकाशा पूर्ण करावा, चार मित्र त्यात कोठे अडखळतात ते पाहावे आणि मगच वर्षभराचा वेळ द्यावा.