नाइट ड्यूटी आणि डिग्री

रोज सकाळी सव्वाआठला नवीन पनवेलमधल्या आमच्या बिल्डिंगच्या गेटवर आमची भेट होते. मी सीएसएमटी लोकल पकडायला पळत सुटलेली आणि माझी रूममेट नाइट ड्यूटी करून परतलेली. ती एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. परवा तिच्या हातात डब्याबरोबर एक जाडजूड पुस्तक दिसलं. म्हटलं, ‘‘काय गं, झोपायचं सोडून हे काय?’’ तर म्हणाली, ‘‘डिग्री करायचीय!’’

आपलं बरं असतं. कंपनीच ट्रेनिंगला पाठवते, वर चहा-बिस्किटं! नर्सचं तसं नाही. हिचा जीएनएम डिप्लोमा झालाय, सहा वर्षांचा अनुभव आहे. पण उद्या नर्सिंग कॉलेजात शिकवायचं तर डिग्री हवीच. नोकरी सोडून दोन वर्षं रेग्युलर पोस्ट बेसिक बीएस्सी करायची, तर गावी पैसे कोण पाठवणार?

मार्ग आहे. इग्नूची पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग ही नोकरी करणाऱ्या नर्सेससाठीच आहे. आधी प्रवेश परीक्षा, मग किमान तीन वर्षं. थिअरी घरी वाचता येते. प्रॅक्टिकलला मात्र नेमून दिलेल्या केंद्रावर जावंच लागतं. घोडं अडतं ते इथेच. हजेरी केंद्रावर लागते आणि ड्यूटी लावते मेट्रन!

बरं, शिकणं हा काही नर्सचा हौसेचा मामला नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलनेच नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १५० तासांचं निरंतर शिक्षण ठरवून दिलं. हे तास सुट्टीच्या दिवशी, पदरमोड करूनच भरायचे का?

आपल्या पनवेल परिसरात शिकवणाऱ्यांची वानवा नाही. कामोठ्याला एमजीएमचं नर्सिंग कॉलेज आहे, खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक आहे. छोट्या हॉस्पिटलांनी अशा संस्थांशी हात मिळवला तर? त्यांनी शिकवावं, हॉस्पिटलने फीचा थोडा भार उचलावा आणि ड्यूटी जुळवून द्यावी. शिकलेली सिस्टर टिकली, तर फायदा पेशंटचाच.

तूर्तास आमच्या मॅडमना मेट्रनने अर्धा होकार दिलाय : ‘‘प्रॅक्टिकलसाठी ऑफ साठव, बाकी बघू.’’ बाकी आम्ही बघतोय. सकाळचं दूध आणि दुपारपर्यंत फ्लॅटमधली शांतता हे खातं आता माझ्याकडे!