कडाक्याच्या थंडीत नळ, पाइप आणि ठिबक संच सांभाळा



गोरेगावात नळ गोठत नाही. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत सर्वांत कमी तापमान 22 जानेवारी 1962 रोजी नोंदले गेले, तेही 7.4 अंश सेल्सिअस. पाणी गोठायला 0 अंश लागतो. त्यामुळे आरे भागातल्या गोठेवाल्यांनी नळाची चिंता करू नये. पण घाटावरची गोष्ट वेगळी. निफाडला डिसेंबर 2018 मध्ये पारा 2 अंशांच्याही खाली उतरला होता. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात कित्येक हिवाळ्यांत पहाटे दव गोठून स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. पुढची माहिती मुख्यतः अशा भागांतील बागायतदारांसाठी आहे.

पारा 4 अंश, मग बर्फ कसा?

असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, हवेशीर लाकडी पेटीत असतो. तुमची ठिबकची नळी मात्र जमिनीवर उघडी पडलेली असते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीतली ऊब रात्रभर वर निघून जाते. जमिनीलगतची थंडी पेटीतल्या पाऱ्यापेक्षा तीन-चार अंशांनी जास्त असू शकते. शिवाय थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि सखल भागात साचते. म्हणून नाल्याकाठचे वावर आधी गारठते. वर्तमानपत्रातला आकडा गावाचा असतो, तुमच्या वावराचा नव्हे, हे ध्यानात ठेवा.

नुकसान कोणते?

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. आपल्याकडे बर्फ पहाटेचे तास-दोन तासच टिकतो, त्यामुळे जाड लोखंडी पाइप सहसा फुटत नाही. धोका असतो तो नाजूक भागांना. फिल्टरचे प्लॅस्टिकचे भांडे, दाबमापक, उघड्यावरचा व्हॉल्व्ह, फवारणी पंपाची नळी आणि नोझल यांत पाणी साचून राहिले तर तडा जाऊ शकतो. पण खरे नुकसान त्याहून मोठे आहे. थंडीच्या पहाटे द्राक्षबागेला आणि भाजीपाल्याला पाणी हीच ऊब असते. विहिरीचे पाणी हिवाळ्यात हाताला कोमट लागते, हे तुम्ही जाणताच. नेमक्या त्याच पहाटे संच बंद पडला तर पीक उघडे पडते.

संध्याकाळी काय करावे?

1. दिवस थंड गेला, आभाळ स्वच्छ आहे आणि वारा पडला, तर त्या रात्री सावध राहावे.

2. पिकाला संध्याकाळी हलके पाणी द्यावे. ओली जमीन ऊब जास्त धरते. नंतर नळ्यांच्या शेवटच्या टोकाच्या गुंड्या आणि फ्लश व्हॉल्व्ह उघडून पाणी काढून टाकावे. फिल्टर आणि फवारणी पंपही रिकामे करावेत.

3. उघड्या नळाला व पाइपाला गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधावे. वरून प्लॅस्टिकचा कागद लावावा. गोणपाट भिजले तर त्याचा उपयोग होत नाही.

4. विहिरीच्या काठावरच्या पंपावर पेंढा आणि पोते टाकावे. मात्र पंप सुरू करण्याआधी ते काढावे, नाहीतर मोटर तापेल.

5. मुख्य पाइपलाइन नव्याने टाकायची असेल तर ती उघडी न ठेवता दीड-दोन फूट खोल गाडावी. थंडीबरोबर उन्हापासून आणि औतापासूनही ती वाचते.

पहाटे काय करावे?

वीज असेल तर उजाडण्यापूर्वीच पंप सुरू करावा. वाहते, कोमट पाणी गोठत नाही. टोकांच्या गुंड्या लावण्याआधी पाणी मोकळे वाहू द्यावे. वीज रात्रीच्या पाळीत येत नसेल तर शेकोट्यांची तयारी संध्याकाळीच करून ठेवावी. शेकोटी बांधावर पेटवावी, नळ्यांपासून दूर.

पाणी येत नसेल तर पंपाचा पूर्ण जोर लावू नये, जोड निसटतात. नळाची तोटी उघडी ठेवून त्यावर कोमट पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळावे. उकळते पाणी ओतू नये आणि प्लॅस्टिकच्या पाइपाजवळ जाळ करू नये. घाई नसेल तर ऊन चढेपर्यंत थांबावे. पाणी सुरू झाले की सगळी लाइन फिरून गळती पाहावी. तडा बारीक असला तरी दाबाखाली तो वाढतो.

या कामाला गोणपाट, सुतळी आणि संध्याकाळचा अर्धा तास पुरतो. बागेत वर्षभर घातलेला पैसा आणि कष्ट एका पहाटेवर सोडू नयेत. आपल्या वावरातला सखल भाग आजच पाहून ठेवा आणि कामाला तिथूनच सुरुवात करा.