म्हातारं कुत्रं दारी येतं तेव्हा

आपल्याकडे कुत्र्याचं स्थान मोठं चमत्कारिक आहे. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात; ते चार वेद, असं म्हणून आपण हात जोडतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपण कीर्तनात डोळे भरून ऐकतो. आणि घरी परतताना वाटेत कुत्रं आडवं आलं, की हात दगडाकडे जातो. पिल्लाचं निराळं. त्याला मुलं उचलून आणतात, त्याला दूध मिळतं, नाव मिळतं. मी आज सांगणार आहे ते आठ-दहा वर्षांच्या, तोंडाभोवती पांढरं झालेल्या, मालक तुटलेल्या कुत्र्याविषयी.

असं कुत्रं तुम्ही पाहिलं असेल. वस्तीवरचे आजोबा वारतात, मुलं शहरात, शेत वाट्यानं दिलेलं. गुरं विकली जातात. कुत्र्याला गिऱ्हाईक नसतं, ते मागे राहतं. पाळलेलं जनावर उपाशी तडफडेल अशा स्थितीत टाकून देणं हा १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पण फिर्याद द्यायची कुणी?

ते तुमच्या दाराशी येऊन बसलं तर ठेवून घ्यावं का? माझं मत विचाराल तर, घरातली माणसं राजी असतील तर जरूर ठेवावं. पिल्लू पुढे कसं निघेल हे कुणी सांगू शकत नाही. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव बनलेला असतो. ते कोंबड्यांवर धावतं का, मुलांवर गुरगुरतं का, हे पुष्कळसं चार दिवसांत कळतं. ते चपला कुरतडत नाही, बहुधा घरात घाण करत नाही आणि दिवसाचा बराच वेळ झोपून काढतं.

ठेवायचं ठरलं, की पहिलं काम पशुवैद्यकीय दवाखान्याचं. पिसाळण्याच्या रोगाची, म्हणजे रेबीजची लस त्याला टोचून घ्या आणि पुढे दर वर्षी न चुकता टोचा. घरात कुणाला कुत्रं चावलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. जखमेवर मिरची, चुना, हळद यांतलं काहीही लावू नये. लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस टोचली आणि तो वाचला. आपल्याकडे पुष्कळ लोक पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या धास्तीनं दवाखाना टाळत असत. ती इंजेक्शनं केव्हाच बंद झाली. आता सुई दंडात घेतात, आणि तीही थोड्याच वेळा. मात्र रोगाची लक्षणं एकदा दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून इथे चालढकल नको.

आता कुत्र्याच्या मनाचं. ‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच’ अशी म्हण आहे. शेपटाचं असेल तसं, पण कुत्रं शिकतं; त्याला वेळ लागतो इतकंच. माझ्या माहितीतल्या एका प्राथमिक शिक्षकांनी असंच एक कुत्रं घरी आणलं. पहिले आठ दिवस ते बाजेखालून निघेना. गुरुजींनी ओढून काढलं नाही, की कुरवाळायलाही गेले नाहीत. रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी भाकरी-ताक ठेवायचे आणि पाठ करून वाचत बसायचे. नवव्या दिवशी कुत्रं येऊन त्यांच्या धोतराला टेकून बसलं. पुढे कितीतरी दिवस काठी उचललेली दिसली, की ते जमिनीला चिकटायचं. पूर्वी काय भोगलं असेल ते त्यालाच ठाऊक. गुरुजी काठी दाराबाहेर ठेवू लागले.

म्हातारपणी ऐकू कमी येतं, नजर मंदावते. बुबुळ निळसर दिसू लागलं म्हणजे मोतीबिंदूच झाला असं नाही. वयानं तसं होतं. पण झोपलेल्या बहिऱ्या कुत्र्याला मागून हात लावला, तर ते दचकून चावू शकतं. त्यात त्याचा दोष नाही. शिक्षकांनी मुलांना एवढं जरूर सांगावं, की जेवणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, आणि बहिऱ्या कुत्र्याकडे समोरून जायचं. लांबून जमिनीवर पाय आपटला, की हादरा त्याला कळतो. सांधे आखडतात, म्हणून निजायला फरशीवर गोणपाट घालावं. ते एकाएकी फार पाणी पिऊ लागलं, तर मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा विकार असू शकतो; दवाखान्यात दाखवावं.

खाण्याचं म्हणाल तर वरण-भात, भाकरी, ताक, अंडं चालतं. कांदा-लसूण घातलेली आमटी मात्र नको. त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडाला बाधतात, हे द्राक्षबागायतदारांनी ध्यानात ठेवावं. शिजवलेली हाडं फुटून आतड्यात रुततात. नामदेवांचं तूपही म्हाताऱ्या पोटाला बेतानंच! लंगडतं म्हणून आपल्या अंगदुखीच्या गोळ्या त्याला देऊ नयेत. त्यांतल्या काही कुत्र्याच्या जिवावर बेततात. तीच गोष्ट गोचिडांची. पिकावर फवारायचं औषध काहीजण कुत्र्याच्या अंगाला चोळतात. ते चाटून कुत्रं मरतं, आणि चोळणाऱ्यालाही विषबाधा होऊ शकते. गोचिडांचं वेगळं औषध मिळतं, ते डॉक्टरांना विचारून लावावं.

असं कुत्रं तुमच्याकडे दोन वर्षं राहील, कदाचित चार. खाणं सुटलं, उठणं थांबलं आणि डॉक्टरांनी आता इलाज नाही असं सांगितलं, तर वेदना न होता त्याला कायमचं झोपवता येतं. तो निर्णय घरातल्या मोठ्यांनी घ्यावा, पण मुलांना ‘कुत्रं पळून गेलं’ असं सांगू नये. ती आठ दिवस शिवारभर हाका मारत हिंडतात. मेलं असं सांगावं आणि पुरताना त्यांना बरोबर न्यावं. खड्डा कंबरभर खोल, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब असावा. वर मोठे दगड रचावेत, म्हणजे दुसरी जनावरं उकरणार नाहीत.